पुसद ते कॉकपिट, मार्गे दिवाणखाना

एस.टी.त चढणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. काही जण खिडकी धरतात, काही जण केबिन. खिडकीवाल्यांना वारा हवा असतो. केबिनवाल्यांना गाडी नीट चालली आहे की नाही यावर लक्ष ठेवायचं असतं. आमच्या पुसदात दुसऱ्या प्रकारचं पीक जास्त. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, इंजिनाच्या तापलेल्या झाकणापलीकडे जी जागा असते, तिथे बूड टेकलं की माणूस प्रवासी राहत नाही, सल्लागार होतो. "भाऊ, समोरून ट्रक येऊन रायला." "आता दाबा थोडी, रस्ता मोकळा हाये." "त्या वळणावर गिट्टी टाकली हाये हं." वाशीमच्या वाटेवरचा घाट संपेपर्यंत ही सेवा विनामूल्य चालू असते. ड्रायव्हर नाकासमोर बघत असतो. त्याने ऐकलं की नाही कळायला मार्ग नसतो, पण गाडी सुखरूप वर पोचते आणि त्यातलं थोडं श्रेय आपलं असतं.

विमानात ही सोय नाही. माझ्या मते लोकांना विमानात झोप येते ती एवढ्यासाठीच. पूर्वी लहान मुलांना, ओळखीच्या माणसांना हवाईसुंदरी पुढे नेऊन कॉकपिट दाखवून आणायची. 11 सप्टेंबर 2001 नंतर ते दार बंद झालं, आणि 1 नोव्हेंबर 2003 पासून तर मोठ्या प्रवासी विमानांना बंदुकीच्या गोळीला दाद न देणारं दार जगभर सक्तीचं झालं. बाहेर आकड्यांची पाटी, आत कॅमेऱ्याचा पडदा. बरोबर आकडे दाबले तरी आतला माणूस "नाही" म्हणू शकतो, अशी खास कळ त्याच्या हाताशी ठेवलेली. 2023 साली दुबईहून दिल्लीला येणाऱ्या एका विमानात कॅप्टनने आपल्या मैत्रिणीला कॉकपिटात बसवून घेतलं, तर सरकारने विमान कंपनीला 30 लाखांचा दंड ठोकला आणि कॅप्टनला तीन महिने घरी बसवलं. बातमी वाचून आमच्या गल्लीत पहिला प्रश्न आला तो असा: "30 लाख? किती जण बसले होते केबिनमधी?"

पुसदचं आणि दळणवळणाचं नातं जरा नाजूक आहे. या गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक 1963 पासून सलग अकरा वर्षांहून जास्त त्या खुर्चीवर होते. पुढे 1991 मध्ये सुधाकरराव. दिलं तेवढं गावाच्या लक्षात आहे, आलं काय याचा हिशेब निघाला की चर्चा रेल्वेवर येऊन अडते. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग पुसदवरून जायचा आहे. 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून निघालेली गाडी कळंबपर्यंत पोचली. कळंब ते पुसद हे अंतर आम्ही एस.टी.ने रोज कापतो, रूळ जरा वेळ घेतात. विमानाचं म्हणाल तर नांदेड शंभरेक किलोमीटरवर. 'उडान' योजना 27 एप्रिल 2017 ला ज्या मोजक्या मार्गांवर सुरू झाली त्यात हैदराबाद–नांदेड होतं. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असं पंतप्रधान तेव्हा म्हणाले होते. ही चप्पल पुढे पुन्हा येणार आहे.

तर गावात आगगाडी यायची ती येईल. कॉकपिट आधी आलं. ते आणलं माझ्या भाच्याने. तो इथल्याच इंजिनियरिंग कॉलेजातून शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि दिवाळीला येताना डोळ्यांवर बांधायचं एक खोकं घेऊन आला. त्याला व्हीआर हेडसेट म्हणतात. परत जाताना तो ते इथेच ठेवून गेला, कारण पुण्यातली त्याची खोली एवढी प्रशस्त आहे की खोकं डोळ्यांवर चढवून हात पसरले तर एक भिंतीला लागतो आणि दुसरा खोलीतल्या जोडीदाराला. आमच्या दिवाणखान्यात, दिवाण सरकवल्यास, चारी बाजूंना हात फिरवता येतात.

या खोक्यात विमानांची कॉकपिटं आहेत. काही नुसती छायाचित्रं, पण चहूबाजूंनी शिवलेली; मान फिरवाल तिकडे चित्र फिरतं. जील व्हिदाल या फ्रेंच छायाचित्रकाराने टिपलेलं ए-380 चं कॉकपिट त्यातलं नावाजलेलं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयानेही आपल्या जुन्या विमानांची कॉकपिटं अशीच उघडून दिली आहेत, जिथे प्रत्यक्ष गेलात तर काचेबाहेरून बघावं लागतं. आणि मग 2020 मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, ज्यात एअरबस ए-320 च्या खुर्चीत बसून उपग्रहाच्या नकाशावरून बनवलेल्या अख्ख्या पृथ्वीवरून उडता येतं. त्यात पूस नदी आहे, धरण आहे. आमचं घर म्हणजे एक तपकिरी ठिपका आहे, आणि त्यावरची पाण्याची टाकी दाखवलेली नाही म्हणून माझी बायको त्या कंपनीवर अजून नाराज आहे.

पहिला मान, भाचा अजून इथे असतानाच, शेजारच्या ड्रायव्हरकाकांचा. काका एस.टी.तून निवृत्त झालेले. विमानात कधी बसलेले नाहीत, बसायची इच्छाही नाही. "जे आपल्या हाती नाही त्यात काय बसाचं," असं त्यांचं म्हणणं. भाच्याने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, खोकं बांधलं, आणि काका ए-320 च्या डाव्या खुर्चीत जाऊन पोचले. थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग उजवा हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपडू लागले.

"काय पाह्यता काका?"

"चाबी कुठी हाये?"

भाचा हसला, पण प्रश्न बिनतोड होता. एवढ्या मोठ्या प्रवासी विमानाला चावी नसते. डोक्यावरच्या पाटीवर बॅटरीची बटणं दाबायची, शेपटीतलं छोटं इंजिन जागं करायचं, मग दोन खुर्च्यांच्या मधला एक खटका फिरवून इंजिनाचा स्विच वर करायचा. बाकी संगणक बघतो. काकांना हे पटलं नाही. "कोनी बी येऊन चालू करन न मंग!" असं म्हणून त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, आणि तिथे ते भक्कम दार दिसल्यावर त्यांचं समाधान झालं. चावी दारालाच आहे, एवढं त्यांनी मान्य केलं.

मग स्टेअरिंग. ए-320 मध्ये चालकासमोर चाक नाही. 1987 साली हे विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा एअरबसने चाक काढून टाकलं आणि खिडकीकडच्या बाजूला एक आखूड दांडी बसवली. दांडी हलवली की तिचा निरोप विजेच्या तारांतून संगणकाला जातो, आणि तो पंखांना काय ते सांगतो. चाक गेल्यामुळे समोर जी जागा रिकामी झाली तिथे सरकवून बाहेर काढायचं टेबल आहे. टेबल बघून काका जितके खूश झाले तितके इंजिन बघून झाले नव्हते. "डब्बा ठेवाले?" डब्यासाठीच. चालकाचा विचार करून गाडी बांधणारा कोणी जगात आहे, हे कळायला त्यांना निवृत्तीनंतर आमच्या दिवाणखान्यात यावं लागलं. वर अनेक विमानांत चालकाच्या खुर्चीवर मेंढीचं केसाळ कातडं असतं, हे भाच्याने सांगितल्यावर काका म्हणाले, "आम्ही टॉवेल टाकत होतो. गोष्ट एकच हाये."

समोरच्या दोन काचांच्या मधल्या खांबावर तीन बारीक गोळ्या बसवलेल्या असतात. काकांनी त्या बरोबर हेरल्या. "लिंबू-मिरची हाये का हे? नजरेसाठीच असन." भाचा पुन्हा हसणार होता, पण थांबला, कारण त्या गोळ्या खरंच नजरेसाठी असतात. चालकाने खुर्ची वरखाली, मागेपुढे करत अशा जागी आणायची की तांबडी गोळी पांढरीला बरोबर झाकेल. तशी झाकली म्हणजे त्याचे डोळे विमान बांधणाऱ्याने ठरवून दिलेल्या उंचीवर आले. एवढं मोजून बसवलेला माणूस मी आजवर फक्त फोटो स्टुडिओत पाहिला आहे.

आता डोक्यावरची पाटी. पहिल्यांदा बघणाऱ्याची छाती दडपते ती इथे. बटणांची रांग संपते असं वाटतं तिथे दुसरी सुरू होते. पण हे सगळं एका तत्त्वावर उभं आहे: सगळं ठीक असेल तेव्हा पाटी काळोखी दिसली पाहिजे. दिवा नाही म्हणजे काळजी नाही. पिवळसर लागला तर लक्ष द्या, तांबडा लागला तर हातातलं सोडून आधी इकडे या. काकांनी हे दोनदा समजावून घेतलं. माझ्या स्वतःच्या स्कूटरवर काही दिवे गेली कित्येक वर्षं लागलेले आहेत आणि काही कधीच लागलेले नाहीत; दोन्हींचा मी काही अर्थ लावत नाही. विमानवाले मात्र एका दिव्यावरून पुस्तक उघडतात.

पुस्तक म्हणजे खरोखरच पुस्तक. वीस वर्षं विमान चालवणारा कॅप्टनसुद्धा निघण्यापूर्वी यादी मोठ्याने वाचतो. एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. ही पद्धत पडली ती एका विसरण्यातून. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळलं, कारण उभ्या विमानाच्या शेपटीला वाऱ्यासाठी लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. चालक त्या काळातला अव्वल माणूस. तेव्हा ठरलं की हुशारीवर विसंबायचं नाही, कागदावर विसंबायचं. त्याच विमानाच्या पुढच्या पिढ्यांनी दुसऱ्या महायुद्धात आणखी एक धडा दिला. जमिनीवर उतरल्यानंतर चालक पंखांच्या पट्ट्या मिटायला जात आणि चुकून चाकंच मिटत. विमान धावपट्टीवर पोटावर बसे. चालकांना झापून उपयोग झाला नाही. मग अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि हुबेहूब सारखे. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाक चिकटवलं आणि पट्ट्यांच्या खटक्याला पाचर. आजही कोणत्याही एअरबसमध्ये वा बोइंगमध्ये चाकांच्या खटक्याच्या टोकाला चाकाचा आकार असतो. काकांनी तो खटका हवेतच मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

या सगळ्यात मला जी गोष्ट मोलाची वाटली ती उजव्या खुर्चीत आहे. तिथे दुसरी दांडी असते. दोघांनी एकाच वेळी आपापल्या दांड्या हलवल्या तर संगणक दोन्हींची बेरीज करतो, म्हणजे एकाने डावीकडे आणि दुसऱ्याने तेवढीच उजवीकडे ओढली तर विमान कोणाचंच ऐकत नाही, आणि वरून आवाज येतो, "ड्युअल इनपुट." मग एकाने आपल्या दांडीवरचं तांबडं बटण दाबून कारभार हाती घ्यायचा. काका एकदम खुलले. "म्हंजे बाजूले बसून सांगनारा इथं बी हायेच!"

आहे, आणि पगारी आहे. पण त्याला तोंड उघडायला शिकवावं लागलं, ही हकिगत हसण्याची नाही. 27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. निघालेल्या विमानातल्या मागच्या इंजिनियरने, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं आहे ना, असा प्रश्न केला होता. कॅप्टन अनुभवी, मोठ्या नावाचा. त्याने तो प्रश्न उडवून लावला. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी शिकवायला घेतलं की धाकट्याने शंका बोलून दाखवायची आणि थोरल्याने ती ऐकून घ्यायची, आणि याची रीतसर परीक्षा असते. भाच्याने हे सांगितलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. काकांनी डोळ्यांवरचं खोकं थोडं वर केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आम्ही बी ऐकत होतो बरं सगळ्यायचं. दाखवत नव्हतो फक्त." इतकी वर्षं वाशीमच्या घाटात मी जे सांगत आलो ते वाया गेलं नव्हतं, याचा लेखी पुरावा नसला तरी तोंडी आहे.

दुसरी पाळी आत्याची. ती खुर्चीजवळ आली, थबकली आणि तिने चप्पल काढली. हवाई चप्पलच होती. "एवढ्या मोठ्या यंत्रात पायतान घालून बसू का?" असा तिचा सवाल. मग खोक्यावरून पदर सारखा केला आणि विमान दिसताच हात जोडले. बाया चालवतात का हे, असं तिने विचारलं. चालवतात, भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीहून बरंच जास्त आहे. 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला जे फोकर विमान नेलं, त्यात वैमानिकांपासून हवाईसुंदरींपर्यंत सगळ्या बायाच होत्या. आत्या म्हणाली, "मंग रस्ता काऊन चुकन?"

तिची तपासणी स्वयंपाकघराच्या अंगाने झाली. कप कुठे ठेवतात, सांडलं तर पुसतात कशाने. हे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. 2019 च्या फेब्रुवारीत फ्रँकफर्टहून मेक्सिकोतल्या कॅनकूनला निघालेल्या एका एअरबसच्या कॅप्टनने आपली कॉफी त्या सरकत्या टेबलावर ठेवली. पेल्याला झाकण नव्हतं, आणि पेला खाचेत नीट बसत नसल्यामुळे तो तिथे ठेवायची कोणाला सवयही नव्हती. कॉफी उलटली, बोलण्याच्या यंत्रावर गेली, यंत्र तापलं, वास सुटला, धूर निघाला. अटलांटिक अर्धवट टाकून विमान आयर्लंडमध्ये शॅननला उतरवलं. एका पेल्याच्या आकारामुळे! पुढच्याच वर्षी ए-350 जातीच्या विमानांत इंजिनाच्या खटक्यांवर पेय सांडून इंजिन बंद पडल्याचे प्रकार निघाले, आणि कॉकपिटात जिथे पातळ पदार्थ न्यायचाच नाही असा भाग आखून द्यावा लागला. आपल्याकडे 2023 च्या होळीला दिल्ली–गुवाहाटी विमानात दोन वैमानिकांनी मधल्या खटक्यांवर कॉफीचा पेला आणि गुजिया, म्हणजे आपली करंजी, ठेवून फोटो काढला. फोटो फिरला आणि दोघांना ड्युटीवरून उतरवलं. आत्याने या तिन्ही खटल्यांचा एकत्र निकाल दिला: "करंजी कोरडी असते, तिनं काई होत नाई. पेला दोषी हाये." तेव्हापासून आमच्याकडे हेडसेट लावलेल्या माणसाला चहा मिळत नाही. हे खोकं भिजलं तर शॅननही जवळ नाही.

शेवटी गल्लीतल्या एका घरचे जावई आले. हे दर आठवड्याला पुणे–दिल्ली करणारे. विमानातलं त्यांना सगळं ठाऊक: कोणत्या रांगेत पाय पसरतात, कोणत्या कंपनीचा उपमा बरा. मोठ्या आत्मविश्वासाने खोकं चढवलं आणि कॉकपिटात जाऊन बावरले. ते बिचारे आयुष्यभर त्या दाराच्या चुकीच्या बाजूला बसत आलेले. तेव्हा आत्या खुर्चीमागे उभी राहून त्यांना दाखवू लागली: जावईबापू, ती कुऱ्हाड दिसते का, ती आग लागली तर तोडफोड करायला. तो मास्क एका हाताने पाच सेकंदांत तोंडावर चढला पाहिजे. आणि ती बाजूची काच सरकते बरं का, वर दोर ठेवला आहे, त्याला धरून खाली उतरायचं. काच सरकते हे ऐकून ड्रायव्हरकाका दारातून म्हणाले, "हात दाखवता येते म्हंजे."

ज्यांना बघायचं असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं. दुपारच्या उन्हात घामाने भिंगांवर वाफ धरते आणि हैदराबादची धावपट्टी धुक्यात जाते. चष्मा असेल तर लहान फ्रेमचा आणा. पोट भरून येऊ नका, काहींना मळमळतं. चहा उतरल्यावर मिळेल. सल्ले कितीही द्या. छायाचित्रातलं विमान उभंच आहे.